आधी वाचा, मग बदला

जुने टर्मिनल हाती लागते, पडदा उजळतो, कर्सर लुकलुकू लागतो आणि आपल्यापैकी बहुतेकांची बोटे आपसूक चालू लागतात. सेट-अप, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, शिफ्ट-एस. लॉगिन दिसले, फोटो काढला, काम फत्ते. या महिन्यात आमचे भांडण आहे ते जुन्या निवडी पुसून नव्या पक्क्या करणाऱ्या त्या शेवटच्या शिफ्ट-एसशी.

डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे व्हीटी-१०० बाजारात आले १९७८ साली. त्यातल्या निवडी ईआर-१४०० नावाच्या चिपमध्ये राहतात आणि तिला बॅटरी लागत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे अडगळीत पडलेल्या यंत्रातही शेवटच्या मालकाने ठेवलेल्या निवडी जशाच्या तशा सापडू शकतात. सेट-अप आणि मग ५ दाबले की तळाच्या ओळीत शून्य-एकचे चार गट आणि पाठवण्याचा व घेण्याचा वेग दिसतो. वाचणाऱ्याला ही ओळ पुष्कळ सांगते. चौथ्या गटाचा शेवटचा बिट ५० की ६० हर्ट्झ ते सांगतो, म्हणजे यंत्र जगाच्या कोणत्या भागात चालले याचा अंदाज येतो. तिसऱ्या गटाचा पहिला बिट पौंडाच्या चिन्हावर असेल तर ब्रिटनकडे बोट जाते. वेग ३०० असेल तर पलीकडे बहुधा टेलिफोनवरचा मोडेम होता. घेण्याचा १२०० आणि पाठवण्याचा ७५ असेल तर तो कोणत्या जातीचा मोडेम, हेही जाणकाराला कळते.

सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे आन्सरबॅक. वीस अक्षरांपर्यंतचा हा मजकूर टर्मिनल स्वतःची ओळख म्हणून पाठवते. त्यात विभागाचे नाव, खोलीचा क्रमांक, काहीही असू शकते. तो वाचायला सेट-अपमध्ये शिरू नका. जोडणी जमली की संगणकाकडून ५ क्रमांकाचा आस्की संकेत पाठवा आणि काय उत्तर येते ते उतरवून घ्या.

गंमत अशी, की जुन्या निवडी जपण्यासाठी कामाचा खोळंबा करावा लागत नाही. सेट-अपमध्ये केलेला बदल शिफ्ट-एस दाबेपर्यंत तात्पुरता असतो. दिवसभर ९६०० वर काम करा, वीज बंद करा, जुन्या निवडी पुन्हा जागेवर. व्हीटी-२२० मध्ये शब्दांत लिहिलेले मेन्यू आहेत, पण तिथेही सेव्ह म्हटल्याशिवाय काही पक्के होत नाही. मग कारखान्यातल्या मूळ निवडी आणणाऱ्या डिफॉल्टला हात लावण्याची घाई तरी कशाला?

पडद्यावर कचरा आला की लगेच वेग बदलत सुटणे हीसुद्धा एक खोड. वेग चुकला की सगळेच बिघडते. काही अक्षरे नीट आणि काही बिघडलेली दिसली तर संशय पॅरिटीवर घ्यावा. संगणक आठ बिट, पॅरिटी नाही असे पाठवतो आहे आणि टर्मिनल सात बिट, सम पॅरिटी धरून बसले आहे, असे समजा. कॅपिटल ए आणि बी यांच्या संकेतात दोन-दोन एक आहेत, म्हणून ती सुखरूप येतात. सीमध्ये तीन आहेत, तिथे व्हीटी-१०० चौकटीदार ठोकळा दाखवते. उलट बाजूने चूक असेल तर आठ बिटांवरच्या व्हीटी-२२० वर सीच्या जागी डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए उमटतो. कोणती अक्षरे बिघडली ते पाहिले तरी निदान होते, ऑसिलोस्कोप काढायची गरज नाही.

केबलबद्दल एकच. यूएसबीच्या स्वस्त वायरींपैकी काही ५ किंवा ३.३ व्होल्टच्या असतात. आरएस-२३२ मध्ये एक म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट. मध्ये लेव्हल बदलणारी चिप नसेल तर जोडू नका.

खरी डोकेदुखी पुढे आहे. लॉगिन नीट येते, छोट्या आज्ञा नीट चालतात आणि लांबलचक यादी मागितली की अक्षरे गळतात. व्हीटी-१०० चा बफर ६४ अक्षरांचा, निम्मा भरला की ते एक्सऑफ, म्हणजे ‘थांबा’ हा संकेत, पाठवते. ९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरे येतात, म्हणजे उरलेली ३२ घरे भरायला साधारण ३३ मिलिसेकंद. स्मूथ स्क्रोल चालू असेल तर पडदा सेकंदाला फार तर सहा ओळी सरकतो, तेव्हा ही वेळ वारंवार येणार. संगणकाने ‘थांबा’ ऐकले तरी यूएसबी अडॅप्टरच्या पोटात शंभरएक अक्षरे आधीच बसलेली असू शकतात. काही अडॅप्टर एक्सऑफ स्वतः पाळतात, काही नाही. पाळत नसेल तर अडॅप्टर बदला किंवा वेग ४८०० करा. एक्सऑन-एक्सऑफ दोन्ही टोकांना चालू हवे, हे सांगायला नकोच. कंट्रोल-एस म्हणजेच एक्सऑफ, त्यामुळे ईमॅक्सवाल्यांचा कंट्रोल-एस यात बळी जातो. त्यांची तक्रार रास्त आहे, तरी आमचा कौल टर्मिनलच्या बाजूने.

आपल्याकडे आठव्या बिटाला आणखी एक अर्थ आहे. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने भारतीय लिप्यांसाठी टर्मिनले तयार केली. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातल्या इस्की संकेतात खालच्या अर्ध्या भागात आस्की आणि वरच्या अर्ध्या भागात आपली अक्षरे आहेत. जोडणी सात बिटांवर ठेवली की देवनागरीची रोमन अक्षरे आणि चिन्हे होऊन बसतात. म्हणून असे यंत्र हाती आले तर त्यात सात बिट होते की आठ, ही नोंद आधी घ्या. त्यावर मराठीत काम होत होते की नाही, याचा तोच एक पुरावा शिल्लक असेल.

वाचकांना विनंती आहे. तुमच्याकडच्या प्रत्येक टर्मिनलचे मॉडेल, चारही गट जसेच्या तसे, दोन्ही वेग आणि आन्सरबॅक एका कार्डावर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. आन्सरबॅकमध्ये कुणाचे नाव असेल तर ते आम्ही छापणार नाही. आधीच शिफ्ट-एस दाबून झाले असेल तर कार्डावर तसे स्पष्ट लिहा.