कळ ओळखायची, पण थांबायचे कसे?

दिवस भरत आलेली बाई उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढते आणि तिच्या कंबरेत कळ उठते. ही कळ ओझ्याची की बाळंतपणाची? प्रश्न वैद्यकीय खरा. पण केवळ वैद्यकीय नव्हे.

अखेरच्या आठवड्यांत पोट खाली उतरते, लघवीला वारंवार जावे लागते, मधूनच पोट आवळून सैल होते. विसावा घेताच शमतात त्या खोट्या कळा. खऱ्या कळा विसाव्याने थांबत नाहीत. त्यांच्यातील अंतर घटत जाते, जोर वाढत जातो. रक्तमिश्रित चिकट स्राव हीही प्रसूती जवळ आल्याची खूण. अंगावरून पाणी गेले, तर कळा नसल्या तरी दवाखाना गाठावा. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, किंवा ३७ आठवड्यांपूर्वीच कळा सुरू होणे यांपैकी काहीही घडले, तर क्षणाचाही विलंब नको.

हे ज्ञान प्रत्येक कोपीपर्यंत पोहोचलेच पाहिजे. परंतु खऱ्या-खोट्या कळांची पहिली कसोटी विसावा हीच आहे. जिला विसावाच नाही, तिने ती लावायची कशी? बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारे पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. हंगामापूर्वी घेतलेली उचल फेडायची असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. १९६१ साली प्रसूतिलाभाचा कायदा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. मुकादमाच्या वहीत मात्र तिला जागा मिळाली नाही.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ साली मातामृत्यूंमागील तीन विलंब मांडले: निर्णयाचा, दवाखान्यात पोहोचण्याचा आणि उपचार मिळण्याचा. यांतील पहिल्याच विलंबाला बाईचे अज्ञान कारण ठरू शकते, आणि तेही अंशतः. उरलेल्यांची जबाबदारी समाजाची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभीच प्रत्येक तळावरील गरोदर स्त्रियांची नोंद करावी, आशा कार्यकर्तीशी त्यांची गाठ घालून द्यावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रात्री तळापर्यंत कोणत्या वाटेने येईल हे आधीच पाहून ठेवावे. आणि भरपगारी प्रसूतिरजेची मागणी थेट कारखान्याच्या दारात न्यावी. शरीर वेळेवर इशारा देते. तो ऐकून काम थांबवण्याचा हक्क मात्र झगडूनच मिळवावा लागेल.