वाद्यवृंदालाही दाद हवी

अंतराळयानांच्या लढाया, कोसळणारे पूल आणि धावत्या गाड्यांवरील हाणामाऱ्या यांनी भरलेल्या चित्रपटांकडे आपला सुसंस्कृत रसिक नाक मुरडूनच पाहतो. त्याच्या लेखी हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार आणि त्यातील संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट! असे चित्रपट पुष्कळदा पोरकट असतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्या संगीतालाही त्याच मापाने मोजणे हा उघड अन्याय होय.

1977 साली प्रदर्शित झालेला ‘स्टार वॉर्स’ हा याचा ठळक दाखला. परग्रहाची कथा म्हटली की विजेवर चालणाऱ्या वाद्यांचे चमत्कारिक ध्वनी, हा प्रघात तोवर रूढ होता. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या 1951 च्या चित्रपटात बर्नार्ड हरमन यांनी थेरेमिन या वाद्याचा असा उपयोग मोठ्या कौशल्याने केलाही होता. जॉन विल्यम्स यांनी मात्र नेमकी उलटी वाट धरली. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या ऐंशीहून अधिक वादकांकडून मार्च 1977 मध्ये त्यांनी जे वाजवून घेतले, त्याचा पिंड एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संगीताचा होता. पडद्यावरील ग्रह, प्राणी आणि यंत्रे सारीच अनोळखी. तेव्हा कानांना तरी ओळखीचा आधार मिळावा, ही त्यामागील दृष्टी.

त्या चित्रपटाची मुख्य धून आपल्या परिभाषेत सांगावयाची तर षड्जावरून एकदम पंचमावर झेप घेते, मध्यम-गंधार-ऋषभ अशी झरझर उतरते आणि लगेच तार षड्जाला जाऊन भिडते. पराक्रमाची सारी उभारी त्या चार-पाच स्वरांत आहे. याच्या उलट, मावळत्या दोन सूर्यांकडे पाहत तरुण नायक उभा राहतो, त्या प्रसंगात शब्द नाहीत. फ्रेंच हॉर्नवर एक संथ सुरावट उमटते, मग तंतुवाद्ये ती उचलून धरतात आणि घर सोडून जाण्याची त्याची तळमळ प्रेक्षकास न सांगता कळते. पात्राला वा भावनेला अशी ठरलेली सुरावट जोडण्याची रीत आपणांस अपरिचित नाही. दशावतारी खेळात राक्षस रंगमंचावर येण्यापूर्वीच पखवाज आणि झांज त्याची वर्दी देतात, ती याच जातीची.

विल्यम्स यांच्या रचनांवर होल्स्ट आणि कोर्नगोल्ड यांची छाया आहे, असा आक्षेप घेतला जातो. छाया आहेच. परंतु यमन सर्वांचाच असतो. मांडणी ज्याची त्याची असते.

या संगीतामागील कष्टांचा विचार तर कोणीच करीत नाही. दृश्य किती क्षणांचे, यान कोणत्या क्षणी वळते, याचा काटेकोर हिशेब मांडून प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर उतरवावा लागतो. विल्यम्स यांच्या आराखड्यांना वाद्यवृंदाचे पूर्ण रूप देण्यात हर्बर्ट स्पेन्सर यांचा मोठा वाटा होता. पण ते नाव आज किती जणांस ठाऊक आहे?

हाच प्रश्न आम्ही गोमंतकीयांनी स्वतःलाही विचारावयास हवा. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीत वाद्यवृंदाची ही विद्या रुजविली, त्यांत आमचे गोमंतकीय बंधू अग्रभागी होते. चर्चशी संलग्न शाळांतून स्वरलेखनाचे धडे घेतलेली ही मंडळी मुंबईस गेली आणि तेथील गाण्यांना व पार्श्वसंगीताला त्यांनी भरदार रूप दिले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील मोजकी नावे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. ‘स्टार वॉर्स’ आला त्याच 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ झळकला आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटातील नायकाच्या रूपाने गुरूचे नाव देशभर दुमदुमले. नाव सर्वांच्या तोंडी, पण त्या नावाचा खराखुरा वादक 2012 साली निवर्तला, तेव्हा तो कोण हे कितीकांना सांगावे लागले! दैवाची ही थट्टा म्हणावी की आमच्या अनास्थेचा पुरावा?

पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले, आणि मुंबईच्या स्टुडिओंतील शंभर-शंभर वादकांचे ताफे पांगले. काळाचे चक्र उलटे फिरविता येत नाही, आणि यंत्राचा द्वेष करण्याचेही कारण नाही. परंतु जे निर्माण झाले, ते जाणतेपणाने ऐकणे आणि ज्यांनी निर्माण केले त्यांची नावे राखणे, एवढे तर आपल्या हाती आहे. पणजीत कला अकादमी आहे, तेथे पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण दिले जाते. 2004 पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही येथेच भरतो. त्या महोत्सवात एक संध्याकाळ पार्श्वसंगीतासाठी राखून ठेवावी, एखादा प्रसंग आधी मूक आणि मग संगीतासह दाखवावा, आणि गोमंतकीय वादकांच्या हस्तलिखित स्वरलिप्या जेथे उरल्या असतील तेथून मिळवून जतन कराव्यात, अशी आमची सूचना आहे. यासाठी फार मोठा खर्च येणार नाही.

वाचकांकडे मागणे याहूनही लहान आहे. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहाल, तेव्हा शेवटची नामावली सुरू होताच खुर्ची सोडू नका. वाद्यवृंद तेव्हाही वाजत असतो.