आधी तालीम, मग इंजिन

गेल्या रमजान ईदनंतरची गोष्ट. दहावीतला एक मुलगा मोठा खोका घेऊन माझ्या घरी आला. खोक्यात रेडिओवर चालणारे छोटे विमान होते. दोन वर्षांची ईदी आणि सुट्टीत मामांच्या दुकानात काम करून मिळालेले पैसे, असे सगळे त्याने त्या विमानात घातले होते. तो म्हणाला, "सर, संध्याकाळी मैदानावर या. आज उडवणार आहे."

मी म्हणालो, "थोडा थांब. रविवारी दोघे मिळून उडवू."

पण त्याला धीर कुठला! संध्याकाळी मी मैदानावर पोहोचलो तेव्हा सगळे संपले होते. विमान उडाले, वर चढले, वळले आणि मुलाच्याच दिशेने येऊ लागले. ते डावीकडे जावे म्हणून त्याने रिमोटची दांडी डावीकडे दाबली. विमान मात्र त्याच्या उजवीकडे वळले आणि लिंबाच्या झाडावर आदळले. सारा प्रवास अर्ध्या मिनिटाचाही नव्हता. मोडलेला पंख खोक्यात ठेवत तो म्हणाला, "सर, माल खराब निघाला."

माल खराब नव्हता. विमान आपल्यापासून दूर जात असते तेव्हा त्याचे डावे ते आपले डावे. ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले, की त्याचे डावे आपल्या उजव्या हाताला येते. समोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात आपल्याला उजवीकडे दिसतो, तसेच हे आहे. ही गोष्ट डोक्याला लगेच कळते, पण बोटांना कळायला कित्येक दिवस लागतात. त्या मुलाला ती कोणीच शिकवली नव्हती. त्याचे शिक्षक या नात्याने यात माझाही दोष होता.

विद्यार्थी मित्रांनो, 'तालीम' हा शब्द तुम्हाला चांगला माहीत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीतही आहे, पण मराठीत त्याचा अर्थ थोडा बदलला. पहिलवान जिथे रोज मेहनत करतात ती जागा म्हणजे तालीम. नाटकाचा सराव म्हणजेही तालीम. विमाने उडवण्याच्या छंदाला या दोन्ही अर्थांची तालीम लागते. पुस्तकातले ज्ञानही हवे आणि रोजची मेहनतही हवी. माझे म्हणणे एवढेच आहे, की ही तालीम आधी व्हावी आणि इंजिन नंतर यावे. आज बहुतेक मुले याच्या उलट करतात. आधी इंजिन विकत घेतात, मग विमान मोडते आणि शेवटी छंदच सोडून देतात.

इतिहास काय सांगतो ते पाहा. १९०३ साली अमेरिकेत माणसाला हवेत नेणारे विमान तयार करण्याचे दोन प्रयत्न चालू होते. एक प्रयत्न सॅम्युअल लँगली या नामवंत शास्त्रज्ञांचा होता. १८९६ साली त्यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारे, माणूस नसलेले विमान उडवून दाखवले होते. पुढे सरकारच्या युद्ध खात्याने त्यांना ५०,००० डॉलर दिले. त्यांच्या मोठ्या विमानाचे इंजिन ५२ अश्वशक्तीचे होते. त्या काळात इतके हलके आणि इतके शक्तिमान इंजिन दुर्मीळच होते. परंतु ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ या दोन्ही दिवशी ते विमान पोटोमॅक नदीत कोसळले. विमानाचा सांगाडा कमकुवत होता आणि चालवणाऱ्याला हवेत तोल सांभाळण्याचा सराव नव्हता.

दुसरा प्रयत्न राइट बंधूंचा होता. त्यांचे सायकलींचे दुकान होते. सरकारी मदत नव्हती. त्यांनी १८९९ साली पतंगापासून सुरुवात केली. १९०० आणि १९०१ साली त्यांनी इंजिन नसलेली विमाने, म्हणजे ग्लायडर, तयार केली. ती मनासारखी उडेनात, तेव्हा त्यांनी लाकडी पेटीत पंख्याने वारा सोडून सुमारे २०० छोटे पंख तपासले. १९०२ सालच्या नव्या ग्लायडरवर त्यांनी शेकडो वेळा उड्डाणे केली. आपल्याला हवेत तोल सांभाळता येतो याची खात्री झाल्यावरच त्यांनी इंजिनाचा विचार केला. ते इंजिन अवघे १२ अश्वशक्तीचे होते. लँगलींच्या दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, राइट बंधूंचे विमान उडाले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते आणि त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे. ५२ अश्वशक्ती नदीत बुडाली आणि १२ अश्वशक्ती हवेत तरली. हा फरक तालमीचा होता.

तालमीत विसरलेली एक छोटी गोष्टही किती महाग पडते, हे आपल्याला अब्बास इब्न फिरनास यांच्या कथेतून कळते. नवव्या शतकात स्पेनमधील कुर्तुबा शहरात या विद्वानांनी पंख लावून उडण्याचा प्रयत्न केला, असे इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहिले आहे. ते काही अंतर हवेत गेले, पण उतरताना त्यांना दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात, आणि त्यांनी शेपूट लावलीच नव्हती, असे अल-मक्करी सांगतात.

मग सुरुवात कशी करावी? पहिले विमान जाड कागदाचे किंवा बाल्सा लाकडाचे असावे. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील झाड आहे. त्याचे लाकूड इतके हलके असते, की मोठा तुकडा उचलला तरी हातात काही आहे असे वाटत नाही. एक लांब काडी, एक पंख आणि मागे छोटी शेपूट एवढे साहित्य पुरे. विमानाच्या नाकाला थोडी ओली माती लावा आणि विमान हलक्या हाताने पुढे सोडा. ते लगेच नाकावर आपटले, तर माती कमी करा. ते आधी वर चढून मग एकदम खाली पडले, तर माती वाढवा. असे करता करता ते सरळ, सावकाश तरंगत जाईल. आता दोन बोटांवर पंखाखाली विमान तोलून पाहा. साध्या विमानाचा तोल बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर येतो. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला गुरुत्वमध्य तो हाच. तो तुम्हाला पाठ करावा लागणार नाही, तुमच्या बोटांनीच तो शोधलेला असेल.

दुसरी पायरी रेडिओची. हातातल्या यंत्राला प्रेषक म्हणतात आणि विमानातल्या यंत्राला ग्राहक. ग्राहकाला मिळालेल्या आज्ञेप्रमाणे सर्व्हो नावाच्या लहान मोटारी पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या झडपा हलवतात. आज्ञा कशी जाते हे समजून घ्या. उडवण्यापूर्वी आधी प्रेषक चालू करावा आणि मग विमान. बंद करताना आधी विमान आणि मग प्रेषक. डाव्या-उजव्याचा सराव करायला विमानाची गरजच नाही. रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार स्वतःकडे आणत चालवा. ती भिंतीला शंभर वेळा धडकली तरी काही बिघडत नाही. बोटे शिकली, की मग विमान हाती घ्या.

तिसरी पायरी म्हणजे विजेच्या मोटारीवरचे शिकाऊ विमान. त्याचा पंख अंगाच्या वर बसवलेला असतो आणि पंखाची टोके किंचित वर उचललेली असतात. त्यामुळे ते झुकले तरी पुन्हा सरळ होऊ पाहते. पहिली उड्डाणे मात्र जाणकाराच्या सोबतीनेच करावीत. अशा विमानात बहुधा लिथियम पॉलिमर बॅटरी असते. ती फुगली तर वापरू नये. ती चार्जिंगला लावून बाहेर निघून जाणे म्हणजे घराला आग लागण्याचा धोका पत्करणे.

इंजिन ही शेवटची पायरी. मी कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत होतो. तेथे आम्ही दोन बारीक तारांना बांधलेली विमाने गोल फिरवत असू. त्यांना लहान डिझेल इंजिने असत. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणाचा वास दोन दोन दिवस हातांना येत असे. दुसऱ्या प्रकारच्या इंजिनात मेथॅनॉल आणि तेल यांचे मिश्रण जळते. त्यात ग्लो प्लग नावाचा छोटा भाग असतो. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डन यांनी तो प्रचारात आणला. त्यातली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीने तापवतात. इंजिन एकदा चालू झाले, की मेथॅनॉलच्या संपर्काने आणि ज्वलनाच्या उष्णतेने ती तार आपोआप तापलेली राहते. मग बॅटरी काढून टाकली तरी चालते.

पण हे इंजिन खेळणे नाही. साडेसहा घन सेंटिमीटरच्या इंजिनाला सुमारे १० इंच लांबीचा प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा, लावतात. तो मिनिटाला १०,००० वेळा फिरला तर त्याच्या टोकाचा वेग किती होईल? वर्तुळाचा परीघ काढा आणि फेऱ्यांनी गुणा. उत्तर येते ताशी सुमारे ४८० किलोमीटर. हे गणित मी आज सहज सांगतो, पण तेव्हा केले नव्हते. एकदा इंजिन चालू असताना मी समोरून हात घालून इंधनाची सुई फिरवायला गेलो. उजव्या हाताच्या तर्जनीला पाच टाके पडले. फळ्यावर लिहिताना तुम्हाला दिसतो तो व्रण त्याच दिवसाचा आहे. सुई नेहमी प्रोपेलरच्या मागे उभे राहूनच फिरवावी. मेथॅनॉल तर विष आहे. ते पोटात गेले तर माणूस आंधळा होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून जाणती व्यक्ती जवळ नसेल तर इंजिनाला हात लावू नये.

काही पालक म्हणतात, "हा श्रीमंतांचा खेळ आहे. आमच्या मुलांनी अभ्यास करावा." इंजिनापासून सुरुवात केली तर हा खेळ श्रीमंतांचा आहेच. कागदापासून सुरुवात केली तर तो कोणाचाही आहे. मागच्या वर्षी आमच्या शाळेत ग्लायडरची स्पर्धा झाली. सर्वांत जास्त वेळ तरंगलेले ग्लायडर नववीतल्या दोन मुलींचे होते. ते लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे होते. नाकावरची माती त्यांनी किती वेळा कमी-जास्त केली, हे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. ते आकडे पाहून मला वाटले, की यापेक्षा चांगला अभ्यास दुसरा कोणता?

काही मुले म्हणतात, "सर, आता विमानातच तोल सांभाळणारे यंत्र असते. मग सराव कशाला?" ते यंत्र चांगले आहे, त्याचा उपयोग जरूर करा. पण ते विमानाचा तोल सांभाळते, तुमच्या मनाचा नाही. समोर झाड आहे, मैदानात लहान मुले खेळत आहेत, वारा अचानक वाढला आहे, हे ओळखून विमान उतरवण्याचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. कायदाही तुम्हालाच पाळावा लागतो. सरकारने २०२१ साली केलेल्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाजवळ किंवा लष्करी भागात परवानगीशिवाय असे काहीही उडवता येत नाही. म्हणून आधी मोठ्यांकडून चौकशी करून घ्या आणि मग मैदान निवडा.

मला वाटते, प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक तास तरी या तालमीसाठी असावा. त्याला इंजिन नको, पुठ्ठा, कात्री आणि थोडी माती पुरे. त्या तासाने सगळी मुले वैमानिक होणार नाहीत. पण काही मोडले, की दुसऱ्याला दोष देण्याआधी 'माती कमी झाली की जास्त?' असे विचारण्याची सवय लागेल. ही सवय विमानापुरती राहत नाही.

तो मुलगा आता दर रविवारी सकाळी मैदानावर येतो. त्याच्या विमानाचा मोडलेला पंख अजून खोक्यातच आहे. पण त्याच्या हातात स्वतः केलेले बाल्साचे ग्लायडर असते. परवा त्याचे ग्लायडर त्याच लिंबाच्या झाडाला वळसा घालून सुखरूप गवतात उतरले. मी विचारले, "आता पंख चिकटवायचा का?"

तो म्हणाला, "थांबा सर. अजून थोडी तालीम होऊ द्या."