फाईल माहेरी ठेवू नका!

'सांधे दुखतात? वाढीचं वय आहे, दुखणारच!' असं आपण किती सहज म्हणतो ना! पण मैत्रिणींनो, ५ ते १५ वर्षांच्या लेकीला घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, आज गुडघा तर उद्या घोटा सुजला, तर तो ऱ्हुमॅटिक फीव्हर असू शकतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. कुंपणानंच शेत खावं, तसं! सांधे बरे होतात, आपण निर्धास्त होतो. हृदयाच्या झडपांना झालेली इजा मात्र राहू शकते आणि ताप उलटला की वाढत जाते.

तो उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. झडपांना इजा झाली असेल तर निदान दहा वर्षं, कधी त्याहून जास्त. आणि इथेच आपण कच खातो. 'आता बरी दिसते की', 'इंजेक्शन फार दुखतं', ही झाली सांगायची कारणं. मनातलं कारण वेगळंच असतं. चार लोकांना कळलं तर लग्न जमायचं कसं? मग इंजेक्शन बंद होतं, आणि लेक सासरी गेली तरी तिची फाईल माहेरच्या कपाटातच राहते.

पुढे दिवस राहिले की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. अरुंद झालेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही, फुप्फुसांत तुंबतं. पोरीला धाप लागते, रात्री आडवं पडवत नाही. 'पहिलटकरीण आहे, होतं असं,' म्हणत सासूबाई धीर देतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? त्यांना कुणी काही सांगितलेलंच नसतं! आपलं लपवणं लेकीच्या जिवावर बेततं ते असं.

खरं तर दोष सौम्य असेल, तपासण्या वेळेवर होत असतील, तर अशा मुलींची बाळंतपणंही सुखरूप होतात. पेनिसिलीन गरोदरपणातही चालू ठेवता येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळांतून मुलांची तपासणी होते, त्यात हा आजारही आहे. डॉक्टरांनी पुढे पाठवलं तर टाळू नका.

सोयरीक मोडली तर दुसरी जुळेल. आणि मुलांच्या आयांनो, खरं सांगणाऱ्या घराला नाकारण्याआधी तुम्हीही दोनदा विचार करा. लेकीच्या दागिन्यांच्या डब्याशेजारी ती फाईलही ठेवा, आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.