स्लाइडवरच्या वेळापत्रकाची कैफियत

प्रकल्प-नियोजनाच्या धंद्यातल्या जाणत्या मंडळींचे एक मत अलीकडे फार घट्ट झाले आहे. वेळापत्रक वर्डच्या अहवालात किंवा पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर आणून चिकटवणे हा त्यांच्या लेखी निव्वळ अडाणीपणा. मूळ फाइल मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये किंवा प्रिमाव्हेरात आहे ना, मग तिची लिंक द्या; ज्याला पाहायचे तो तिथे जाऊन पाहील. नक्कल काढली की ती शिळी होणार, शिळ्या तारखांवर निर्णय होणार, आणि दोन ठिकाणी दोन तारखा दिसू लागल्या की भांडण ठरलेलेच. ऐकायला बिनतोड. माझे म्हणणे असे की या मंडळींनी रोग बरोबर ओळखला आहे आणि औषध साफ चुकीचे दिले आहे.

आधी रोग पाहू. प्लॅनर सोमवारी बार चार्टचे चित्र काढून पाठवतो, बैठक गुरुवारी असते. मधल्या काळात एखादी मंजुरी अडकते, एखादी खरेदी लांबते. चित्र सोमवारचेच राहते. हे तरी परवडले. प्रोजेक्टच्या २०१० च्या आवृत्तीत टाइमलाइन नावाची पट्टी आली. ती ‘प्रेझेंटेशनसाठी’ म्हणून कॉपी केली की स्लाइडवर नुसते चित्र उतरत नाही, सुटे आकार उतरतात. रंग बदला, मजकूर बदला, लांबीसुद्धा बदला. सोय म्हणून उत्तम. पण बैठकीच्या आदल्या रात्री कुणी चाचणीची पट्टी माउसने धरून जराशी डावीकडे सरकवली, की स्लाइडवरचा प्रकल्प पंधरा दिवस आधी संपतो. मूळ फाइलमध्ये एकही काम हललेले नसते. चाचणी ज्या जोडणीवर अवलंबून आहे, त्या जोडणीवाल्याला तर याचा पत्ताही नसतो.

एक्सेलची कथा निराळी. आपल्याकडे कितीतरी वेळापत्रके अजून एक्सेलमध्येच नांदतात. तो तक्ता स्लाइडवर ‘एम्बेड’ केला की दिसतात आठ ओळी, पण प्रेझेंटेशनबरोबर जाते अख्खे वर्कबुक. क्लायंटने सहज डबल-क्लिक केले तर शेजारच्या शीटवरचे माणसांचे दरही त्याच्यापुढे उघडतात. हे टाळायला ‘पेस्ट लिंक’ करावी, तर त्या लिंकच्या पोटात असतो प्लॅनरच्या मशीनचा किंवा कार्यालयाच्या शेअर्ड ड्राइव्हचा पत्ता. फाइल मेलने बाहेर गेली की तो पत्ता निकामी.

तेव्हा तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यावर ‘स्लाइडवर वेळापत्रक आणूच नका, लिंक द्या’ हा उपाय सुचवणाऱ्याने ती लिंक उघडणार कोण, हे आधी सांगावे. वित्त विभागाच्या प्रमुखाकडे प्रोजेक्टचे लायसन्स नसते. प्रिमाव्हेराची एक्सईआर फाइल त्याच्या संगणकावर उघडतच नाही, आणि उघडली तरी चारशे ओळींतून त्याच्या कामाच्या सहा ओळी निवडून कोण देणार? निवड करणे हेच तर सादर करणाऱ्याचे काम. लिंक देऊन तो ते काम वाचणाऱ्याच्या गळ्यात घालतो आणि वर पारदर्शकतेचे श्रेय घेतो.

क्लाउडवर फाइल ठेवली की या अडचणी मिटतात, असे उत्तर येईल. मिटोत. माझा मुख्य आक्षेप तरीही शिल्लक राहतो: सतत ताजे होणारे वेळापत्रक स्वतःचा भूतकाळ पुसत जाते. मार्चच्या अहवालातली लिंक जूनमध्ये उघडली तर जूनच्या तारखा दिसतात. मग ‘मार्चमध्ये तुम्ही आम्हाला काय सांगितले होते?’ या प्रश्नाला कागदावर उत्तर राहत नाही. मूळ फाइलच्या जुन्या आवृत्त्या प्लॅनरकडे असतील, पण अहवाल वाचून ज्याने सही केली, त्याच्या हातात काय उरले? बांधकामाच्या करारांत हा प्रश्न किती महागात पडतो ते मुदतवाढीचे दावे लढवणाऱ्यांना विचारा. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बांधकाम-कराराच्या नमुन्यात, म्हणजे १९९९ च्या लाल पुस्तकात, काम सुरू करण्याची नोटीस मिळाल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने कामाचा सविस्तर कार्यक्रम इंजिनिअरकडे द्यावा असे कलम आहे. तो प्रत्यक्ष प्रगतीशी जुळेनासा झाला की सुधारून पुन्हा द्यायचा. दिलेला प्रत्येक कार्यक्रम त्या त्या दिवशी गोठलेला असतो. उशीर कुणामुळे झाला, हा वाद पुढे याच गोठलेल्या प्रतींवर चालतो. रेरा कायद्यातही बिल्डरने नोंदणीच्या वेळी प्रकल्प पुरा करण्याची मुदत शपथपत्रावर द्यायची असते. त्या शपथपत्रात तारखेऐवजी लिंक चालली असती तर बिल्डरांनी पेढे वाटले असते!

म्हणून अहवालातली नक्कल हा मूळ फाइलचा निकृष्ट अवतार मानणे मला मान्य नाही. मूळ फाइल काम चालवायला असते. अहवालातली प्रत म्हणजे दिलेली जबानी. जबानी शिळी असणारच. ती कधीची आणि कुणाची, एवढे त्यावर दिसले पाहिजे.

दुसरा पक्ष या लिंकवाल्यांहून मोठा आणि जास्त घातक आहे. त्याला स्लाइडवर वेळापत्रक हवेच असते, फक्त ते पाच रंगीत पट्ट्या आणि शेवटी एक तारीख एवढ्यावर भागवायचे असते. ‘वरच्यांना तपशील नको असतो’ हे त्याचे ब्रीद. वरच्यांना तपशील नको असतो हे खरे, पण कोणता नको हे ठरवताना हे लोक नेमका तोच उडवतात ज्याच्या जोरावर त्या तारखेला अर्थ येतो.

याचा इतिहास जुना आहे. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये ‘पर्ट’ ही नियोजनपद्धत तयार झाली आणि त्या प्रकल्पाच्या यशाचे श्रेय जगभर तिला मिळाले. या प्रकल्पाचा अभ्यास करणारे हार्वे सापोल्स्की यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात या श्रेयाची चिरफाड केली. प्रकल्पाचे रोजचे काम पर्टवर फारसे चालतच नव्हते. ते तक्ते बाहेरच्यांना दिपवायला आणि त्यांची ढवळाढवळ थोपवायला मात्र फार उपयोगी पडले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, चकचकीत तक्त्याचा हा उपयोग कमी झालेला नाही.

दिपवण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे आपणच आपल्या तारखेने दिपून जाणे. कोलंबिया यान १ फेब्रुवारी २००३ रोजी कोसळले, कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात एका स्क्रीनसेव्हरची नोंद आहे. अंतराळ स्थानकाचा ‘नोड २’ हा भाग १९ फेब्रुवारी २००४ रोजी पाठवायचा होता आणि नासाच्या व्यवस्थापकांना त्या तारखेपर्यंतचे दिवस, तास, मिनिटे, सेकंद उलटे मोजणारा स्क्रीनसेव्हर देण्यात आला होता. तारखेचे दडपण निर्णयांवर कसे चढत गेले, हे मंडळाने विस्ताराने मांडले. याच अहवालाने यानावर आदळलेल्या इन्सुलेशन-फोमच्या तुकड्याने झालेल्या नुकसानीवरच्या पॉवरपॉइंट स्लाइडवरही टीका केली. तेवढीच टीका उचलून ‘पॉवरपॉइंटच वाईट’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी स्क्रीनसेव्हरचे पानही वाचावे. तिथे ना स्लाइड होती ना बुलेट, तरी दोष त्याच जातीचा: उत्तर मोठ्या अक्षरात, आणि ते कशावर उभे आहे ते अदृश्य.

इथे कुणी रेल्वे-अभियंते ई. श्रीधरन यांचे नाव घेईल, आणि घ्यावेच. उलटी मोजणी करणारी घड्याळे त्यांनी कोकण रेल्वेत आणि मग दिल्ली मेट्रोत लावली, ती कामी आली. मान्य. पण ती लागली कामाच्या जागी, काम करणाऱ्यांसमोर. बोगद्यात कुठली माती लागली आहे आणि त्यामुळे पुढचे काय अडले आहे हे त्या माणसांना घड्याळाने सांगावे लागत नव्हते. कोकण रेल्वे तरीही ठरल्या पाच वर्षांत झाली नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद पेटला, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती ढासळत राहिली आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. दिल्लीत बसून नुसते घड्याळ पाहणाऱ्याला यातले काहीच कळले नसते.

मग स्लाइडवर काय असावे? हेन्री गँट यांच्या नावाने आपण जो तक्ता रोज काढतो, त्यात त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरलेले काम आणि झालेले काम शेजारी शेजारी दाखवले होते. आपण त्यांच्या पट्ट्या घेतल्या आणि ही तुलना टाकून दिली. ती परत आणावी. माहिती कोणत्या दिवसापर्यंतची आहे ते दाखवणारी उभी रेघ हवी. प्रिमाव्हेरात तिला डेटा डेट म्हणतात, प्रोजेक्टमध्ये स्टेटस डेट. चालू पट्टीखाली फिकट रंगात बेसलाइनची, म्हणजे आधी ठरवून गोठवलेल्या वेळापत्रकाची, पट्टी हवी, आणि बेसलाइन कितवी तेही. प्रोजेक्टमध्ये एका फाइलला अकरा बेसलाइन ठेवता येतात. दर वेळी ताज्या बेसलाइनशी तुलना केली तर कोणताही प्रकल्प कधीच लेट नसतो. असे प्रकल्प सगळ्यांनी पाहिले आहेत.

या दोन गोष्टी दाखवणारे पुष्कळ सापडतील. तिसरी फार थोडे दाखवतात: शेवटची तारीख कोणत्या साखळीवर लटकली आहे, आणि त्या साखळीबाहेरच्या मोठ्या कामांना किती फ्लोट, म्हणजे लांबायची किती सवड, उरला आहे. १९५७ साली ड्यूपाँटमधले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडमधले जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली ती याचसाठी. चारशे कामांपैकी साखळीवरची दहा-बारा कामे आणि त्यांच्यामधले बाण एका स्लाइडवर आरामात मावतात. ‘गर्दी होते’ ही सबब मला पटत नाही. गर्दी होते ती कंपनीच्या लोगोने, सावल्या पाडलेल्या पट्ट्यांनी आणि हसणाऱ्या हेल्मेटवाल्याच्या फोटोने. तो फोटो काढला की बाणांना जागा होते.

क्लायंट घाबरेल, हा आक्षेप मात्र खरा अनुभवातून येतो. मागच्या महिन्यात फ्लोट वीस दिवस होता आणि आज सहा आहे, हे वाचून तो अस्वस्थ होईलच. पण मार्चमध्ये अस्वस्थ झालेल्या क्लायंटकडे अजून उपाय असतात: तो आपल्याकडे अडलेली मंजुरी सोडवू शकतो, एखादा भाग पुढच्या टप्प्यात ढकलू शकतो, पैसे घालून जास्त माणसे लावू शकतो. जूनमध्ये कळले तर तो फक्त दंडाचे कलम काढतो.

उरली अंमलबजावणी, ती फार अवघड नाही. स्लाइडच्या तळाशी मूळ फाइलचे नाव, डेटा डेट आणि प्लॅनरचे नाव लिहावे. बाहेर जाणारी प्रत पीडीएफमध्ये द्यावी, एम्बेड केलेला तक्ता आत राहू देऊ नये. हवी तर मूळ फाइलची लिंकही शेजारी द्यावी, माझे तिच्याशी वैर नाही. आणि सादर करणाऱ्याने पट्टीला हात लावू नये. तारीख बदलायची असेल तर ती आधी फाइलमध्ये बदलावी, तिथे बाकीची कामे कशी हलतात ते पाहावे आणि मग नवे चित्र घ्यावे. ‘रात्री अकरा वाजता प्लॅनर कुठून आणू?’ असे विचारणाऱ्याने खुशाल जुनेच चित्र दाखवावे. त्याच्यावर तारीख आहेच.