‘लक्ष्य प्रेक्षक’ नावाचा रकाना

पनवेल परिसरातील एका महाविद्यालयात थरारपटाच्या आरंभाची स्पर्धा झाली. नियम असा की विद्यार्थ्यांनी पूर्ण चित्रपट करायचा नाही. एका काल्पनिक थरारपटाची पहिली दोन मिनिटे तेवढी चित्रित करायची आणि सोबत पानभर टिपण द्यायचे. परीक्षक तिघे होतो. एक वृत्तपत्रविद्या शिकवणारे, एक जाहिरात क्षेत्रातले आणि तिसरा मी, मराठीचा अध्यापक. गुणपत्रिकेत पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. शेवटच्या रकान्याचे नाव ‘लक्ष्य प्रेक्षक’. या लेखाचे भांडण त्या रकान्याशी आहे आणि काही अंशी माझ्या स्वतःशीही.

दोन चित्रफितींविषयी सांगतो. पहिलीत एका उंच इमारतीचे तळघरातले वाहनतळ. मिणमिणता दिवा, टोपीने चेहरा झाकलेला तरुण, कानठळ्या बसवणारे संगीत, अकस्मात चाकू, अंधार आणि इंग्रजी नाव. टिपणात लिहिले होते : ‘वय १५ ते २५, शहरी, ओटीटी पाहणारा वर्ग.’ दहापैकी दहा गुण.

दुसरी एका मुलीने केली होती. पहाट. एक म्हातारी दार पुसते आहे. दारावर मोजणीवाल्यांनी लाल रंगाने घातलेला आकडा. ती थबकते, कनवटीचा कागद काढते, कागदावरचा आकडा आणि दारावरचा आकडा ताडून पाहते. दोन्ही जुळत नाहीत. ती वळून समोरच्या घराकडे बघते. तिचा आकडा त्या दारावर आहे. तिची पाठ आपल्या दाराकडे असतानाच आतून कडी लागते. संगीत नाही, फक्त कडीचा आवाज. टिपणात ‘लक्ष्य प्रेक्षक’ या शीर्षकाखाली दोनच वाक्ये होती : ‘माझी आजी. आणि आमच्या गावची माणसं, जी आता एका गावात राहत नाहीत.’ गुण मिळाले दोन. शेरा : ‘प्रेक्षकवर्ग निश्चित केलेला नाही.’ त्या शेऱ्याखाली माझीही सही आहे.

पनवेलच्या वाचकाला त्या लाल आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्यासाठी येथील दहा गावे उठली. निकालानंतर ती मुलगी माझ्याकडे आली आणि कोणताही कडवटपणा न दाखवता तिने विचारले, “सर, आजीचं वय लिहायला हवं होतं का?” मला उत्तर देता आले नाही. पुढचे सारे लेखन म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर आहे.

ही दोन मिनिटांची कसरत आपल्याकडे निपजलेली नाही. इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षामंडळाच्या माध्यम-अभ्यासाच्या पाठ्यक्रमात २००८ पासून काही वर्षे हाच प्रकल्प होता : नव्या कथापटाची नामावली आणि आरंभ, मर्यादा दोन मिनिटे. शंभर गुणांपैकी साठ निर्मितीला, वीस पूर्वतयारीला आणि वीस स्वमूल्यमापनाला. त्या स्वमूल्यमापनासाठी सात प्रश्न ठरवून दिलेले असत. चौथा प्रश्न, तुमच्या कृतीचा प्रेक्षक कोण. आणि पाचवा, त्याला तुम्ही आकृष्ट कसे केले, संबोधित कसे केले. हे दोन प्रश्न एकापाठोपाठ एक होते, हे लक्षात घ्यावे. आमच्या गुणपत्रिकेत चौथा आला आणि पाचवा वाटेतच गळून पडला. प्रेक्षक कोण, हे विद्यार्थ्याने कागदावर लिहायचे. कृती त्याच्याशी कशी बोलते, हे कोणी तपासायचे नाही.

येथे कोणी म्हणेल की प्रेक्षकांची वयानुसार वाटणी हे पाश्चात्त्य बाजारपेठेचे खूळ आहे. तो सोपा युक्तिवाद मी करणार नाही, कारण तो खरा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसाव्या अध्यायात अशी वाटणी आहेच : तरुणांना शृंगार रुचतो, शूरांना युद्धप्रसंग, वृद्धांना धर्माख्याने. पण भरत त्या यादीवर थांबत नाही. त्याच अध्यायात तो खऱ्या प्रेक्षकाचे लक्षण सांगतो : जो पात्राच्या आनंदाने आनंदतो, शोकाने शोकाकुल होतो, तो प्रेक्षक. हे लक्षण वयाचे नाही आणि वस्तीचेही नाही. प्रयोग चालू असताना त्या माणसाचे काय होते, यावरून ते ठरते. आमच्या रकान्याने भरताची यादी तेवढी उचलली, लक्षण सोडून दिले.

थरारपटाच्या बाबतीत तर हे लक्षण अधिकच कसून लावावे लागते. हिचकॉकने त्रुफोशी केलेल्या, १९६६ साली ग्रंथरूपाने आलेल्या संवादांत एक उदाहरण दिले आहे. दोन माणसे टेबलाशी गप्पा मारीत आहेत आणि टेबलाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोटाच्या क्षणी पंधरा सेकंदांचा धक्का. ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. गप्पा त्याच, माणसे तीच. बदलले ते एवढेच की प्रेक्षकाला काय सांगितले. म्हणजे थरारपटाचा प्रेक्षक हा गावात हिंडून, वय विचारून शोधायचा प्राणी नव्हे. कोणाला किती कळू द्यायचे, याच्या वाटपातून चित्रपट त्याला घडवतो. वोल्फगांग इझरचा ‘अभिप्रेत वाचक’ एम.ए.च्या वर्गात शिकवताना हेच तर आम्ही सांगतो. मग हातात गुणपत्रिका आली की ते कसे विसरतो?

या कसोटीवर दोन्ही चित्रफिती पुन्हा पाहाव्यात. वाहनतळातल्या चित्रफितीत प्रेक्षकाला काहीच ठाऊक नाही. चाकू दिसला, दचकलो, संपले. ‘१५ ते २५’ या आकड्यांचा त्या दचकण्याशी काडीचा संबंध नाही; साठीचा माणूसही तितकाच दचकेल आणि तितक्याच लवकर विसरेल. दुसरीत म्हातारीला जे कळते ते तिच्याबरोबर आपल्याला कळते. कडी मात्र आपणच पाहतो, तिची पाठ आहे. त्या क्षणी प्रेक्षक तिच्यापेक्षा एका गोष्टीने अधिक जाणता होतो आणि तिला हाक मारता येत नाही म्हणून कासावीस होतो. हा प्रेक्षक टिपणात नाही, चित्रफितीत आहे. कडी लागली तेव्हा जाहिरात क्षेत्रातल्या परीक्षकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला होता. ते कोणाची आजी नव्हते, की उठलेल्या गावचेही नव्हते. पाच मिनिटांनी त्यांनीच ‘प्रेक्षकवर्ग निश्चित नाही’ असा शेरा सुचवला आणि मी मान डोलावली.

मराठीतले एक जुने उदाहरण घ्या. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा. पत्नी गेली, आणि पुढे हुबेहूब तिच्यासारखी स्त्री ‘मीच ती’ म्हणत उभी राहते. नवरा आणि प्रेक्षक दोघेही एकाच शंकेत अडकतात. दोन वर्षांत, १९६६ मध्ये, त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ झाला. भाषा बदलली, प्रेक्षकवर्ग बदलला, शंका टिकली. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांचे काय? त्या घरोघरी वाचल्या गेल्या. कोणत्या वयोगटाने त्या वाचल्या हे लेखकाला कोणी विचारले नाही, आणि समीक्षेने त्या कशा रचल्या आहेत हेही फारसे विचारले नाही. त्या दुसऱ्या उपेक्षेचे फळ आज आपण भोगतो आहोत. रहस्याची रचना तपासण्याची भाषा आपण घडवली नाही, म्हणून जाहिरातीची भाषा उसनी आणावी लागली.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला मान्य आहे. ‘कोणासाठी’ हा प्रश्न न विचारल्यास विद्यार्थी केवळ आपल्या मित्रांसाठी चित्रपट करतात आणि दुर्बोधतेला कला समजतात. खरे आहे. परंतु ‘१५ ते २५’ लिहिणाऱ्या मुलाने तरी दुसरे काय केले? त्याने आपल्याच मित्रांच्या वयाचा आकडा मांडला. उलट जिने ‘माझी आजी’ लिहिले तिने आपल्या पिढीबाहेरचा प्रेक्षक निवडला, आणि त्याच्यासाठी लाल आकडा, कागद, कडी अशा वस्तू योजल्या, ज्या त्याला न समजावता समजतील. प्रेक्षकाचा याहून नेमका विचार आम्ही आणखी कोणता मागत होतो?

माझी सूचना साधी आहे. तो रकाना काढू नये, त्याचे प्रश्न बदलावेत. पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला काय कळते? पात्राहून अधिक की कमी? तिसऱ्या मिनिटासाठी त्याला कशाची ओढ लागते? ही उत्तरे परीक्षकाने पडद्यावरून शोधावीत, टिपणावरून नव्हे. पुढच्या वर्षी बोलावणे आलेच तर या अटीवरच मी गुणपत्रिकेवर सही करीन. झालेला निकाल बदलत नाही, हे मी चौकशी करून पाहिले आहे. त्या मुलीला मात्र एवढे कळवले आहे की आजीचे वय लिहिण्याची गरज नव्हती.