विश्लेषण : फॉलोअर लाखभर, पण फोटो कुणाचा?

तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत फोटो स्टुडिओच्या पाटीकडे पाहा. फोन क्रमांकाच्या वर आता इन्स्टाग्रामचे नाव लिहिलेले असते. आत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सचे काम सुरू असते आणि काउंटरमागचा पंचविशीतला मुलगा मोबाइलवर कालच्या हळदीची रील जोडत असतो. कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला, एखादी लेन्स मित्राची, ड्रोन भाड्याचा. धंदा कसा चाललाय असे विचारले, की तो आधी फॉलोअरचा आकडा सांगतो.

आकडा खराच असतो, पण कॅमेऱ्याचा हप्ता त्यातून फिटत नाही. डिजिटल माध्यमांनी या मुलांना पूर्वीच्या स्टुडिओमालकाला स्वप्नातही न दिसलेली प्रसिद्धी दिली. त्याच वेळी त्यांच्या हातातली एक मोलाची गोष्ट काढूनही घेतली, आणि ती गेल्याचे अनेकांच्या अजून लक्षात आलेले नाही.

निगेटिव्ह कपाटात होती तोवर

जुन्या अल्बममधला एखादा फोटो उलटून पाहा. मागे स्टुडिओचा शिक्का आणि निगेटिव्हचा क्रमांक सापडेल. आणखी प्रती हव्या असतील तर तो क्रमांक घेऊन स्टुडिओत जावे लागे. आजोबा गेले की भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा, मुलीचे स्थळ पाहायचे तर चार प्रती हव्यात, वाटणीत भावंडांना लग्नाचा अल्बम हवा. प्रत्येक वेळी वाट त्याच दुकानात जायची. एकदा काढलेला फोटो वीस-वीस वर्षे थोडे थोडे उत्पन्न देत राहायचा.

मालकी कुणाची, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नव्हता, कारण निगेटिव्ह स्टुडिओच्या कपाटात असायची. ताबा होता, तेवढ्याने भागत होते.

आता लग्नानंतर महिनाभरात पेन ड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक दिली जाते. त्या क्षणी ताबा संपतो. नवरीची मैत्रीण, मेकअप आर्टिस्ट, मंगल कार्यालय, मंडप-सजावटवाला, साडीचे दुकान असे सगळे तोच फोटो आपापल्या पानावर टाकतात. कुणी नाव देते, कुणी देत नाही, कुणी वर आपलाच वॉटरमार्क चढवते. ‘फोटो साभार : इंटरनेट’ ही ओळ तर मराठीत इतकी रुळली आहे, की इंटरनेट नावाचा कुणी छायाचित्रकार असावा असे वाटावे. वर्तमानपत्रेही याला अपवाद नाहीत.

कायदा काय सांगतो?

इथे बहुतेकांना धक्का बसतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्या छायाचित्राचा ‘कर्ता’ असतो. पण त्याच कायद्याचे कलम १७ पुढे सांगते, की मोबदला घेऊन आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा असतो. लग्नाच्या व्हिडिओलाही हेच लागू होते.

म्हणजे ऑर्डर घेऊन काढलेले लग्नाचे सगळे फोटो, काही लिहून ठेवले नसेल तर, ग्राहकाचे. त्याने ते साडीच्या दुकानाला जाहिरातीसाठी दिले, तरी केवळ मालकीच्या जोरावर छायाचित्रकाराला अडवता येत नाही. उलट आपल्याच पानावर तो फोटो ‘आमचे काम’ म्हणून टाकताना खरे तर त्यानेच ग्राहकाला विचारायला हवे. इन्स्टाग्रामवर फोटो टाकताना तो टाकण्याचा हक्क आपल्याकडे आहे, असे आपण अटी मान्य करताना कबूल केलेलेच असते.

स्वतःच्या हौसेने काढलेल्या फोटोंचे मात्र तसे नाही. वारीत, कासच्या पठारावर, ससून डॉकवर पहाटे कुणी न सांगता काढलेली छायाचित्रे सर्वस्वी काढणाऱ्याची. ती चोरली गेली तर तो ठामपणे दाद मागू शकतो.

कलम ५७ हा दुसरा आधार. कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा आणि आपल्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. नाव मागणे ही विनवणी नाही, एवढे तरी यातून कळावे.

सेकंड शूटरची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. मुख्य स्टुडिओ दिवसाच्या ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याला बोलावतो. तो संध्याकाळी घरी जाऊन उत्तम फोटो स्वतःच्या पानावर टाकतो. पुढच्या हंगामात ग्राहक थेट त्याच्याकडे जातो आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर भांडण चालते. फोटो कुणी, कधी आणि कुणाच्या नावासह टाकायचा, हे आधी चार ओळींत लिहिले असते तर निम्मी भांडणे झालीच नसती.

कागद कसा असावा?

वकिली भाषेची गरज नाही. एका पानावर मराठीत लिहिलेला आणि दोघांनी सही केलेला करार पुरतो. त्यात पहिली ओळ कॉपीराइटची हवी : छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला ती घरगुती वापरासाठी, छापण्यासाठी आणि नाव देऊन समाजमाध्यमांवर टाकण्यासाठी कायम वापरता येतील, व्यावसायिक वापराला वेगळी परवानगी लागेल. हे काम सुरू होण्याआधी ठरलेले हवे. नंतर ग्राहकाकडून कॉपीराइट मिळवायचा तर कायद्याला सहीचे लेखी हस्तांतर लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती फक्त पाच वर्षांची धरली जाते.

उरलेल्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत, पण पैसे नेमके तिथेच अडकतात. इसार किती आणि लग्न पुढे ढकलले तर त्याचे काय? मोठा हिस्सा लग्नाच्या दिवसापर्यंत हातात यायला हवा. अल्बम तयार झाल्यावर देतो म्हणणारे घर पुढे आठ महिने फोटो निवडतच बसते, हा अनुभव या धंद्यातल्या कुणालाही नवा नाही. फाइल किती दिवस जपून ठेवणार, हेही लिहावे. हार्ड डिस्क बंद पडणे हा कधी तरी येणारच असा दिवस आहे. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम पाळावा आणि त्याचा खर्च दरात धरावा.

‘असा कागद पुढे केला तर गिऱ्हाईक पळेल’ ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. मला ती पटत नाही. मंगल कार्यालय पावतीमागे वीस नियम छापते, केटरर ताटांची संख्या लिहून घेतो, आणि तिथे कुणी पळत नाही. छायाचित्रकारानेच आपले काम तोंडी ठेवले आहे.

फॉलोअर आणि ग्राहक

इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले ते चौकोनी फोटोंचे ॲप म्हणून. २०१२ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले. भारतात २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली आणि खेड्यापाड्यांतल्या अनेकांनी जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. पुढच्याच महिन्यात इथे रील सुरू झाली. वर्षभराने इन्स्टाग्रामच्या प्रमुखांनीच जाहीर केले, की हे आता केवळ फोटो दाखवण्याचे ॲप राहिलेले नाही. ज्याने दहा वर्षे उत्तम स्थिरचित्रांवर पान उभारले, त्याच्या कामाची पोहोच अशी दुसऱ्या कुणाच्या निर्णयाने बदलते. जागा भाड्याची आहे आणि भाडेकरार रोज बदलतो.

याचा अर्थ तिथून उठून यावे असा नाही. दुकानाची काचेची खिडकी म्हणून ती जागा उत्तम आहे. पण गल्ला दुकानात असावा. स्वतःच्या नावाची साधी वेबसाइट, गूगल नकाशावर पत्ता आणि ग्राहकांची खरी मते, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे जुन्या ग्राहकांच्या नावांची, फोन क्रमांकांची वही. ज्या घरात लग्न केले तिथे दोन-तीन वर्षांत डोहाळजेवण असते, मग बारसे, मग पहिला वाढदिवस. त्या घराची आठवण कुठल्याही अल्गोरिदमला ठेवता येत नाही, वहीला येते.

आपल्याकडचे पंचांगही विसरून चालत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की बहुतांश घरांतली लग्ने थांबतात. चार महिने हप्ता मात्र चालूच. गणपती-नवरात्रातली मंडळे, हॉटेलांचे मेनू, सराफांचे दागिने, शेतमालाचे ब्रँड ही कामे या काळात शोधावी लागतात. इथे डिजिटल समुदायाचा खरा उपयोग होतो, कारण अशी कामे एका छायाचित्रकाराकडून दुसऱ्याकडे येतात. एकाला स्टुडिओ लाइटिंग जमते, दुसऱ्याला पदार्थांचे फोटो, तिसऱ्याकडे ड्रोन आणि तो व्यावसायिक कामासाठी उडवण्याचा परवाना असतो. ज्याचा त्याच्याशी असा काम देण्या-घेण्याचा संबंध आहे, तो पावसाळ्यात तरतो. एकमेकांच्या रीलला लाइक देण्यापुरताच ग्रुप असेल, तर तो ग्रुप नसलेलाच बरा.

‘टॅग करतो ना’ची मजुरी

नवे कॅफे उघडले, की पहिला निरोप येतो : पैसे नाहीत, पण टॅग करतो. सुरुवातीला स्वतःहून एखादे काम फुकट करण्यात वावगे काही नाही. मात्र फुकट कामाची अडचण ही, की त्याने आपला दर शून्य ठरतो आणि शेजारच्याचाही पडतो. फुकट करायचेच असेल तर पूर्ण दराचे बिल करावे, त्यावर शंभर टक्के सूट दाखवावी. कॅफेवाल्याला निदान आपण काय घेतले ते कळेल.

पैसे देणाऱ्या कंपन्यांचे दुखणे वेगळे. बिल मंजूर होते, पैसे येत नाहीत. इथे एक हत्यार आहे आणि ते फार थोडे जण वापरतात. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधारवर होते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. नोंदणी काम घेण्याआधी झालेली असावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापावा. नुसता तो क्रमांक दिसला तरी हिशेब विभागाची भाषा मऊ होते.

जीएसटीबाबतही गैरसमज आहेत. सेवा व्यवसायाला महाराष्ट्रात वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी सक्तीची होते. उलाढाल म्हणजे नफा नव्हे. अल्बम, सेकंड शूटर, एडिटर यांना दिलेले पैसेही आधी आपल्याच बिलात आलेले असतात.

कायदा बदलावा का?

काम सांगणाऱ्याला मालक मानण्याची ही पद्धत आपण इंग्रजांच्या कायद्यातून घेतली. खुद्द ब्रिटनने १९८८च्या कायद्यात ती सोडली, कॅनडाने २०१२ मध्ये. आपल्याकडेही २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचे संरक्षण मिळाले, छायाचित्रांची मुदत वाढून कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत गेली. पण मालक कोण, ते वाक्य तसेच राहिले. गीतकारांच्या बाजूने बोलायला मोठी माणसे होती. तालुक्यातल्या स्टुडिओवाल्याच्या बाजूने तेव्हा कुणी बोलले नाही.

ते वाक्य बदलावे असे माझे मत आहे, पण छायाचित्रकारांच्या संघटना मागतात तितके सरसकट नको. लग्न, बारसे, आजारी आजीसोबतचा शेवटचा वाढदिवस हे त्या घराचे खासगी क्षण आहेत. ब्रिटनने यावर तोड काढली आहे : कॉपीराइट छायाचित्रकाराचा, पण घरगुती कारणासाठी काढून घेतलेला फोटो ग्राहकाच्या संमतीशिवाय सार्वजनिक करता येत नाही. हीच तरतूद आपल्याकडे हवी.

कायदा बदलेपर्यंत हे काम करारातल्या एका कलमाने होऊ शकते. समाजमाध्यमांवर फोटो टाकायला संमती आहे का, कोणते टाकायचे नाहीत, यासाठी दोन चौकटी आणि खाली सही. बारशाच्या फोटोंत तर हे हवेच, कारण तिथे ज्याचा चेहरा आहे त्याला विचारताच येत नाही. आईवडिलांनी दिलेली संमती पुढे मागे घेतली, तर किती दिवसांत फोटो उतरवायचा तेही लिहून ठेवावे. सात दिवस पुरेसे आहेत.